कुत्रीला घरी इन्सुलिन द्यायचंय, आईला कसं शिकवू?

दुधनाकाठचा (सेलू, जि. परभणी)

नमस्कार मंडळी,

आमची राणी नऊ वर्षांची आहे. आई गावठी, बाप लॅब्राडोर, वजन २२ किलो. दिवाळीपासून तिचं पाणी पिणं फार वाढलं. रात्री उठून दार खाजवायची, बाहेर सोडलं की तिथंच मुतायची, आत आली की पुन्हा पाणी. खायची पोटभर, तरी बरगड्या दिसायला लागल्या. अंगणात ती जिथं मुतायची तिथं सकाळी मुंग्या लागलेल्या असायच्या. आईनं त्या मुंग्या बघूनच सांगितलं, हिला शुगर झालीय, तुझ्या आजोबांचं असंच झालं होतं. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. रक्त, लघवी तपासली आणि आईचं म्हणणं खरं निघालं.

डॉक्टरांनी माणसांचंच दुधाळ इन्सुलिन लिहून दिलंय. बाटलीवर ४० युनिट लिहिलंय. सकाळ-संध्याकाळ ८-८ युनिट, खाणं झाल्यावर कातडीखाली. तिथं त्यांनी टोचून दाखवलं, माझ्याकडूनही करून घेतलं. मला जमेल. अडचण अशी की मी जिनिंगवर कामाला आहे, कापसाचा हंगाम चालू आहे आणि पाळी बदलते. रोजचं एक इंजेक्शन आईलाच द्यावं लागणार. आई साठीच्या पुढची. तिनं कधी कुणाला सुई टोचलेली नाही. राणी तर तिच्या पायाशीच झोपते. ‘मी माझ्या हातानं तिला दुखवायची नाही’ म्हणून बसलीय.

आईला हे कसं शिकवू? राणी मधेच हलली आणि अर्धंच औषध गेलं तर काय करायचं? मेडिकलवरून नारिंगी टोपणाच्या सिरींजांचं पाकीट आणून ठेवलंय, सुई चांगली बारीक आहे, उद्यापासून सुरू करायचंय. शेजारचे काका म्हणायलेत, रोज दोनदा सुया टोचण्यापेक्षा माझी शुगरची गोळी अर्धी करून भाकरीत घाल. आणि इकडं लाईटचा भरवसा नाही, उन्हाळ्यात बाटली कशी टिकवायची तेही कुणी सांगा.

मंगलमावशी (लातूर)

लेकरा, ती नारिंगी टोपणाची सिरींज वापरू नकोस. पाकीट परत दे आणि लाल टोपणाची, ४० युनिटची माग. बाकीचं मागून वाच, हे आधी कर.

कारण सांगते. तुझ्या बाटलीवर ४० आहे, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट. लाल टोपणाच्या सिरींजवरच्या रेघा त्याच हिशेबानं मारलेल्या असतात. नारिंगी टोपणाची असते १०० वाल्या इन्सुलिनसाठी. तिच्यात तू ८ च्या रेघेपर्यंत भरलंस तर राणीच्या अंगात जेमतेम ३ युनिट जाईल. तू टोचत राहशील आणि तिचं पाणी पिणं काही थांबणार नाही. याच्या उलट झालं, म्हणजे बाटली १०० ची आणि सिरींज लाल, तर अडीचपट जातं, आणि ते जिवावर बेततं. नवी बाटली आणली की तिच्यावरचा आकडा वाचायचा, सिरींजवरचा वाचायचा, दोन्ही जुळले तरच टोपण काढायचं. घरी गुणाकार करून भागवायचं नाही. मेडिकलवाला ‘चालतंय हो’ म्हणाला तरी नाही.

आमच्या सोन्याला शेवटपर्यंत मीच इन्सुलिन दिलं. पांढरा पामेरियन, पोराच्या हट्टानं आणलेला. पोरगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि सोन्या माझा झाला. आमच्या ह्यांनाही इन्सुलिन आहे, पेनातलं, १०० चं. फ्रीज एकच. म्हणून सोन्याची बाटली आणि त्याच्या सिरींजा मी पिवळ्या डब्यात खाली ठेवायचे, ह्यांचं पेन वरच्या कप्प्यात. तुमच्या घरात कुणाचं इन्सुलिन असेल तर असंच वेगळं ठेव.

आता आईचं. तिला म्हणावं, दुखवायचं नाही हे तुमचं बरोबर आहे, म्हणूनच हे तुम्ही करायला पाहिजे. कुत्रं ओळखीच्या हातापाशी गप उभं राहतं. इन्सुलिनची सुई ताजी असली आणि तिरकी गेली तर बहुतेक कुत्री मान वळवूनसुद्धा बघत नाहीत. दवाखान्यात ती ओरडतात ती जाड सुईला, त्या टेबलाला आणि परक्या वासांना.

पहिल्यांदा मोसंबीवर हात बसवू दे. जालन्याची मोसंबी तुमच्या बाजारात येतेच. सिरींजमध्ये साधं पाणी भरायचं, सालीत तिरकी सुई घालायची, दट्ट्या दाबायचा. हात थरथरायचा थांबेपर्यंत करू दे. मग ती मोसंबी आणि ती सिरींज दोन्ही टाकून द्या. तोवर राणीचं इंजेक्शन तूच दे आणि आईला शेजारी बसव. अधूनमधून आईनं नुसती कातडी उचलायची, टोपण लावलेली सिरींज टेकवायची आणि घास द्यायचा. राणीच्या डोक्यात सिरींज आणि घास ही जोडी बसली पाहिजे.

टोचायची जागा बरगड्यांच्या बाजूला किंवा त्याच्या जरा मागं, जिथं कातडी सैल आहे. डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं, यांनी कातडी वर उचलायची. उचलली की बुडाशी एक खळगा तयार होतो, राहुटीचं दार दिसावं तसा. सुई त्या खळग्यात जायला पाहिजे. पुष्कळ जण वरच्या टोकाशी टोचतात, तिथं ती आरपार जाते आणि औषध पलीकडच्या केसांत सांडतं. सुईची तिरपी कापलेली बाजू वर ठेवायची. आत शिरताना आधी किंचित अडतं आणि मग सुटतं, ते बोटांना कळतं. दट्ट्या जरासा मागं ओढून बघायचा. रक्त दिसलं तर दाबायचं नाही, सुई काढायची. नाही दिसलं तर सावकाश दाबायचं, पाच आकडे मोजायचे आणि काढायची. स्पिरीट लावायची गरज नाही, त्या वासानंच कुत्री बिथरतात.

सुई काढल्यावर त्या जागेवरून बोट फिरवायचं आणि नाकाशी न्यायचं. इन्सुलिनला उग्र औषधी वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. केस ओले लागले आणि बोटाला तो वास आला की समजायचं, सांडलं.

सांडलं तर पुन्हा द्यायचं नाही. तुझ्या प्रश्नातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. एका वेळी कमी गेलं तर शुगर चढेल, ती पुढच्या वेळेला उतरते. दोनदा गेलं तर शुगर इतकी खाली जाते की झटके येऊन कुत्रं दगावतं. शंका आली की सोडून द्यायचं आणि पुढच्या वेळेला नेहमीचे आठच. राहिलेलं भरून काढायला सोळा कधीच नाही. तू पाळीवरून आल्यावर ‘दिलं का?’ आणि ‘दिलं वाटतं’ असं घरात होता कामा नये. कॅलेंडर फ्रीजच्या दाराला लाव, टोचणाऱ्यानं तिथल्या तिथं खूण करायची. खूण नसेल आणि आठवत नसेल, तर ‘आठवत नाही’ म्हणजे ‘दिलंय’ असंच धरायचं.

आधी खाणं, मग सुई. हा क्रम मोडायचा नाही. दोन सुयांमध्ये बारा तास, म्हणजे सकाळी सात तर संध्याकाळी सात. रोज तेच खाणं, तेवढंच, त्याच वेळेला. चहात बुडवलेलं बिस्कीट, गूळ, शिरा बंद. शुगर-फ्री लिहिलेलंही काही देऊ नका. त्यातल्या काहींमध्ये झायलिटॉल असतं, आपल्याला ते पचतं, कुत्र्याची मात्र शुगर धाडकन पाडतं आणि लिव्हर खराब करतं.

कुत्र्याला सगळ्यात जास्त धोका घरातल्या आणि पाहुण्यांच्या मायेचा असतो. येळवशीला (वेळ अमावस्येला) आमच्या शेतावर ही गर्दी. भज्जी, आंबील, गव्हाची खीर, आणि प्रत्येकाला वाटतं मुक्या जिवाला एक घास द्यावा. पन्नास जणांचा एकेक घास म्हणजे काय होतं बघ. मी सोन्याच्या गळ्यात पाटीच बांधायचे, ‘मला शुगर आहे, खायला देऊ नका’. लोक वाचायचे आणि खरंच हात आवरायचे.

शुगर उतरल्याची लक्षणं आईला नीट सांग. पाय लटपटतात, चालताना झोकांड्या जातात, अंग थरथरतं, हाक मारली तरी भलतीकडंच बघते. असं दिसलं की मध किंवा साखरेचं घट्ट पाणी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात ओतायचं नाही, श्वासनळीत जातं. फक्त हिरड्यांना. झटके चालू असतील तर दातांमध्ये बोट घालू नका, ओठ उचलून बाहेरच्या बाजूनं चोळा. सावध झाली की खायला द्यायचं आणि लगेच डॉक्टरांना फोन. मधाची बाटली सापडेल अशाच जागी ठेव आणि ती कशासाठी आहे ते घरातल्या लहान पोरांनाही माहीत असू दे.

शेजारच्या काकांना एक सांग. मी शाळेत विज्ञान शिकवलं म्हणून हे मला कायम सांगावंसं वाटतं. मधुमेहाचा आणि स्वादुपिंडाचा संबंध कळला तो कुत्र्यामुळं. १८८९ मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याच्या लघवीत साखर आली. १९२१ मध्ये टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क टोचून पाहिला तोही कुत्र्यांनाच. जानेवारी १९२२ मध्ये तो पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला दिला गेला. आमचे हे आज रोज फिरायला जातात ते त्या कुत्र्यांच्या जिवावर. आपल्या दारच्या कुत्रीला दिवसातून दोनदा सुई देणं हे मला कधी ओझं वाटलं नाही.

जनावरांचा डॉक्टर (हिंगोली)

मंगलताईंनी सिरींजची गोष्ट पहिल्याच ओळीत पकडली. दवाखान्यात ‘शुगर उतरतच नाही’ म्हणून येणाऱ्यांना मी आधी सिरींज दाखवायला सांगतो.

काकांच्या गोळीबद्दल स्पष्ट सांगतो, देऊ नका. माणसांमध्ये बहुतेकदा इन्सुलिन तयार होत असतं पण पुरत नाही किंवा लागू पडत नाही, म्हणून गोळ्या चालतात. कुत्र्यांमध्ये बहुतेकदा इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच संपलेल्या असतात. गोळी काम करणार कुणावर? तिच्या नादात दिवस जातात, आणि मग कुत्रं खाणं सोडून उलट्या करत येतं. त्या अवस्थेत वाचवणं अवघड असतं.

राणीचं अंडाशय-गर्भाशय काढलेलं आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. नसेल तर तुमच्या डॉक्टरांशी आजच बोला. माजावर येऊन गेल्यावर मादीच्या अंगात जी संप्रेरकं वाढतात ती इन्सुलिनला काम करू देत नाहीत. डोस कितीही वाढवला तरी शुगर हलत नाही. अशा माद्यांचं ऑपरेशन केल्याशिवाय मधुमेह नीट आटोक्यात येत नाही.

दुसरं, राणीला खाज सुटली, कान दुखला, म्हणून कुणाकडंही नेलंत तर दारातच सांगा की हिला मधुमेह आहे. खाजेवर स्टेरॉईडचं इंजेक्शन सर्रास दिलं जातं. त्यानं खाज थांबते आणि शुगर भडकते.

रोज एकाच जागी टोचू नका, तिथली कातडी जाड होते आणि औषध नीट शोषलं जात नाही. सकाळी डावी बाजू, संध्याकाळी उजवी, आणि रोज दोन बोटं पुढं-मागं. बाटली घुसळायची नाही. दोन्ही तळव्यांत धरून सावकाश फिरवायची, सगळीकडं सारखं दुधाळ झालं की भरायचं. गुठळ्या राहिल्या तर ती बाटली गेली. सुरुवातीला डॉक्टर दिवसभर ठेवून दर दोन तासांनी शुगर बघतील, त्याला नाही म्हणू नका. डोस त्यावरच ठरतो. घरच्या मशीनवर एखादा आकडा बघून आपल्या मनानं युनिट वाढवू नका. माणसांची मशीनं कुत्र्याच्या रक्तात बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतात.

आणखी एक, मनाची तयारी असू द्या. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना वर्षभराच्या आत-बाहेर मोतीबिंदू होतो, उपचार चांगले चालू असले तरी. डोळा निळसर-पांढरा दिसायला लागला तर लवकर दाखवा. नजर गेली तरी कुत्रं नाकावर घर ओळखतं. तुम्ही फक्त बाज, टेबल, पाण्याचं भांडं यांच्या जागा हलवू नका.

बालाघाटचा गडी (बीड)

एवढं सगळं आईच्या गळ्यात कशाला? गावात जनावरांना सुई देणारा कुणीतरी असतोच. महिन्याचे पैसे ठरवून टाका, सकाळ-संध्याकाळ येऊन देऊन जाईल.

जनावरांचा डॉक्टर (हिंगोली)

भाऊ, तो माणूस लग्नसराईत येणार नाही, पोळ्याला येणार नाही, पावसात ओढ्याला पाणी आलं तर येणार नाही. ही सुई आयुष्यभराची आहे. राणीनं आज खाल्लं की नाही हेही त्याला ठाऊक नसणार, तो येणार आणि टोचून जाणार. घरच्याच माणसानं शिकलेलं बरं.

गोदाकाठ (गंगाखेड)

लाईटबद्दल. आमच्या मळ्यात फ्रीज नाही. वडिलांचं इन्सुलिन वर्षानुवर्षं माठात राहतंय. तीच पद्धत कुत्र्याच्या बाटलीला चालेल. एक मोठा माठ किंवा पसरट मडकं घ्यायचं, तळाशी ओली वाळू, त्यात लहान मडकं. बाटली प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात घट्ट बंद करून आतल्या मडक्यात, वर ओलं गोणपाट. वाळूवर सकाळ-दुपार पाणी शिंपडायचं. जागा सावलीची आणि वाऱ्याची पाहिजे, बंद खोलीत माठ गार होत नाही. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बाटली वायाच जाते, माठातली टिकते.

फ्रीज असेल तर फ्रीजच बरा, २ ते ८ अंश. पण बर्फाच्या कप्प्याखाली चिकटवून ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी फेकायचं. लाईट गेली की फ्रीजचं दार उघडू नका, बंद फ्रीज तासन्‌तास थंड राहतो. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनानं लिहा. साधारण महिनाभरानंतर उरलं असलं तरी नवी काढा.

दुधनाकाठचा (सेलू)

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, तुमचं उत्तर वाचून रात्रीच मेडिकलवाल्याकडं गेलो. लाल टोपणाच्या सिरींजा त्याच्याकडं नव्हत्या, परभणीहून मागवून घेतल्या. त्या येईपर्यंत डॉक्टरांनी दवाखान्यातून दिलेल्या दोन होत्या, त्यांवर भागलं.

आईनं मोसंबीवर हात बसवला. नंतर म्हणाली, राणीला कुणी धरायचं नाही, मी ओट्यावर बसते, ती आपणहून येईल. तसंच केलं. भाकरी-अंड्याचं खाणं संपत आलं की शेवटचा तुकडा आई डाव्या मांडीपाशी ठेवते, राणी तो खायला वाकते, तेवढ्यात कातडी उचलून टोचते. मी धरलं की राणी ताठ होते, आईपाशी होत नाही. गर्भाशयाचं विचारलं ते बरं झालं, काढलेलं नाहीये. डॉक्टर म्हणाले, शुगर जरा स्थिर झाली की ऑपरेशन करू. पाणी पिणं कमी झालंय, रात्री उठत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. आईला चष्मा लावूनही सिरींजवरच्या रेघा नीट दिसत नाहीत. मी सकाळी कामावर जाताना संध्याकाळचं भरून ठेवलं तर चालेल का? आणि काल संध्याकाळी राणीनं अर्धंच खाल्लं, आईनं घाबरून इंजेक्शन दिलंच नाही. बरोबर केलं का?

जनावरांचा डॉक्टर (हिंगोली)

आईंनी केलं ते सुरक्षितच केलं. पण दर वेळी पूर्ण सोडायचं असं नाही. काही डॉक्टर अर्धं खाल्लं तर अर्धा डोस सांगतात, ते कुत्र्याकडं बघून ठरतं. तुमच्या डॉक्टरांकडून राणीसाठी तीन ओळी लिहून घ्या: पूर्ण खाल्लं तर किती, अर्धं खाल्लं तर किती, खाल्लंच नाही किंवा उलटी झाली तर काय. तो कागद फ्रीजच्या दारावर लावा. सलग दोन वेळा खाल्लं नाही तर वाट बघू नका, घेऊन जा.

भरून ठेवण्याबद्दल: एका वेळेपुरतं भरून ठेवता येतं. टोपण लावून, सुईचं तोंड वर करून, फ्रीजमध्ये उभं ठेवा, म्हणजे खाली बसलेला दुधाळ भाग सुईत अडकत नाही. देण्याआधी आईंनी सिरींज तळव्यांत हलकेच फिरवायची. तरी तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. भरलेली एकच सिरींज ठेवा, दोन नको.

मंगलमावशी (लातूर)

आईला माझा नमस्कार सांग. शेवटच्या तुकड्याची युक्ती मलाही सुचली नव्हती.

एक राहिलंच. वापरलेल्या सुया कचऱ्यात टाकू नका. घंटागाडीवरच्या बायका हातानं कचरा वेगळा करतात. टोपणासकट सिरींज जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाकायची, फिनेलचा रिकामा कॅन चांगला. वर ‘सुया’ लिहून ठेव आणि भरला की परभणीला दाखवायला जाल तेव्हा दवाखान्यात विचारून तिथं दे. सुई एकदाच वापरायची, दुसऱ्यांदा ती बोथट होते आणि मग मात्र राणीला दुखेल.